लेकीला लहान हवाय, स्वस्त नव्हे

सप्रेम नमस्कार.

आम्ही इंदूरला राजेंद्र नगरात राहतो. मुलगी एम. पी. बोर्डातून बारावी कॉमर्स झाली, ८१ टक्के मिळाले. सरकारचे लॅपटॉपचे २५,००० रुपये तिच्या खात्यात आले आणि घरात महाभारत सुरू झालं. ती आता बी. कॉम.ला आहे. टॅलीचा, म्हणजे संगणकावर हिशेब ठेवायच्या सॉफ्टवेअरचा, क्लास लावायचाय, पुढे सी. ए. फाउंडेशन डोक्यात आहे. सकाळी सिटी बसनं कॉलेज, दुपारी भंवरकुआच्या एका लायब्ररीत अभ्यास, संध्याकाळी घरी. तिला छोटा, हलका लॅपटॉप हवाय. यजमान छावणीत एका आडतीच्या पेढीवर हिशेब बघतात. ते म्हणतात, "खेळणं नको. घ्यायचा तर मोठा घ्या, टेबलावर राहील, सगळ्यांच्या कामी येईल." मला वाटतं, बारा-पंधरा हजारांत छोटे मिळतात त्यातला एक घ्यावा आणि उरलेले फीला लावावेत. माझ्या भावानं २०१० साली घेतलेला दहा इंची लॅपटॉपही माळ्यावर पडून आहे, तो दुरुस्त करून चालेल का? आणि शेवटचं, हसू नका. मी घरून डबे देते, पंचवीसेक. हिशेब वहीत असतो. मला हे शिकता येईल का? वय ४६.

एक आई, राजेंद्र नगर

ताई, नमस्कार.

हसले नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते: येईल, आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा लवकर येईल. कसं ते पुढे सांगते. त्याआधी घरातलं महाभारत मिटवू.

तुम्हाला वाटतंय की घरात तिघांची तीन मतं आहेत. मला दिसतेय ती सरमिसळ. मुलगी म्हणते "लहान". तुमच्या कानाला ते "स्वस्त" ऐकू येतं, म्हणून तुम्ही लगेच फीचा हिशेब मांडता. यजमानांना ते "तकलादू" ऐकू येतं, म्हणून ते खेळणं म्हणतात. पोरीनं यातलं काहीच मागितलेलं नाही. ती सकाळी बस धरते, दुपारभर लायब्ररीच्या खुर्चीत बसते, संध्याकाळी पुन्हा बस धरते. पाठीवर पुस्तकं, पाण्याची बाटली, तुमचा डबा. मोठा पंधरा इंची लॅपटॉप चार्जरसकट दोन किलोंच्या पुढे जातो. तो पहिला आठवडाभर ती हौसेनं नेईल, मग घरी ठेवून जाईल आणि लायब्ररीत फोनवरच डोळे फोडत बसेल. म्हणजे यजमान म्हणतात तसा तो टेबलावर राहीलच, फक्त जिच्या बक्षिसाचा आहे तिच्या कामाचा राहणार नाही.

हे पैसे तिचे आहेत, हेही जाता जाता म्हणून ठेवते. बोर्डात ७५ टक्क्यांच्या वर मार्क मिळवल्याबद्दल सरकारनं ते तिच्या खात्यात टाकलेत. सरकार लॅपटॉप हातात न देता रक्कम देतं हे चांगलं आहे, निवड घरच्यांना करता येते. पण त्यातून फी वळती करायची असेल तर आधी तिला विचारा. ती बहुतेक हो म्हणेल. विचारून हो म्हणणं वेगळं आणि न विचारता गेलेले पैसे वेगळे.

आता लहान आणि स्वस्त यांची गाठ कशी पडली ते सांगते, कारण तुमच्या माळ्यावरच्या लॅपटॉपचं उत्तरही त्यातच आहे.

पूर्वी लहान म्हणजे महाग असायचं. १९९६ साली तोशिबानं जपानमध्ये लिब्रेटो नावाचा संगणक काढला, जवळजवळ व्हिडिओ कॅसेटएवढा. तो शौकिनांच्या आणि बड्या साहेबांच्या परवडीचा होता. तेच सगळे भाग कमी जागेत बसवायचे तर कारागिरी जास्त, म्हणून दामही जास्त. लहान आणि स्वस्त एकत्र आणायची धडपड २००५ नंतर जोरात सुरू झाली. निकोलस निग्रोपॉन्टे यांनी जगातल्या गरीब मुलांसाठी १०० डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. उन्हात वाचता येईल असा पडदा, रबरी कीबोर्ड, हिरवा-पांढरा रंग. २००७ मध्ये तो कारखान्यातून निघाला तेव्हा किंमत ठरल्याच्या जवळजवळ दुप्पट झाली होती. आपल्या केंद्र सरकारनं २००६ मध्येच त्याला नकार दिला होता, तरी महाराष्ट्रातल्या खैरात नावाच्या लहानशा गावातल्या शाळेत तो पोचला. जगभर सगळीकडे पोचेल असं म्हटलं होतं तेवढा मात्र पोचला नाही.

त्यानं एक केलं. मोठ्या कंपन्यांना दाखवून दिलं की स्वस्त आणि छोट्या मशीनला गिऱ्हाईक आहे. त्याच वर्षी, २००७ च्या ऑक्टोबरात, तैवानच्या असूसनं ई पीसी बाजारात आणला. सात इंचांचा पडदा, ५१२ एमबी मेमरी, साठवायला फक्त ४ जीबी, वजन किलोच्या आत, आणि आत विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली. किंमत ३९९ डॉलर. हार्ड डिस्क नव्हतीच, तिच्या जागी चिप. पडदा इतका अरुंद की बऱ्याच वेबसाइट वाचायला पान डावी-उजवीकडे सरकवावं लागायचं. तरीही तो धडाधड खपला. प्रवासात मेल बघायला, चार ओळी लिहायला तेवढा पुरत होता, आणि घेणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे घरी मोठा संगणक होताच.

घोळ झाला तो पुढच्या दोन वर्षांत. २००८ मध्ये इंटेलनं अशा मशीनसाठी ॲटम नावाचा कमी वीज खाणारा, कमी ताकदीचा प्रोसेसर काढला आणि एसर, एचपी, डेल, लेनोव्हो सगळेच उतरले. अशा छोट्या, स्वस्त लॅपटॉपसाठी नेटबुक हा शब्द तेव्हाच दुकानादुकानांत गेला. आता ज्यांच्या घरात एकही संगणक नव्हता तेही हेच घ्यायला लागले, आणि त्यांना हवं होतं विंडोज. मायक्रोसॉफ्टनं ते स्वस्तात दिलं, पण अटींवर. विंडोज ७ ची स्टार्टर आवृत्ती कंपनीनं ज्या मशीनसाठी ठेवली त्यांचा पडदा १०.२ इंचांच्या आत आणि मेमरी १ जीबीपर्यंतच. स्वस्त मशीन जास्त ताकदवान होऊ नये, नाहीतर महागड्या लॅपटॉपचा खप मारला जाईल, हा त्यामागचा धंद्याचा विचार. त्या स्टार्टरमध्ये पडद्यावरचं चित्रसुद्धा बदलता येत नसे! घरातला एकुलता एक संगणक म्हणून घेतलेलं हे मशीन मग अँटिव्हायरस, फोटो, व्हिडिओ, शाळेचा प्रोजेक्ट अशा सगळ्या ओझ्याखाली रडायला लागलं. लोक म्हणाले, छोटे लॅपटॉप भिकार असतात. तुमच्या यजमानांचं "खेळणं" हे त्याच अनुभवातून आलंय, आणि मी त्यांना दोष देत नाही. मेहुण्याचं मशीन त्यांनी पाहिलंय ना!

आयपॅड २०१० ला आला, क्रोमबुक, म्हणजे विंडोजऐवजी गूगलच्या प्रणालीवर चालणारे लॅपटॉप, २०११ ला. २०१२ संपता संपता असूस आणि एसर या दोघांनीही नेटबुक बनवायचं थांबवलं.

मधल्या काळात आपल्याकडे "आकाश" होऊन गेला, आठवत असेल. ५ ऑक्टोबर २०११ ला कपिल सिब्बल यांनी मोठ्या थाटात त्याचं उद्घाटन केलं. सात इंचांचा टॅब्लेट, सरकारला सव्वादोन हजारांच्या आसपास पडणारा. पहिल्या आकाशचा पडदा बोट नुसतं टेकवून हलत नसे, दाबावं लागे. मेमरी २५६ एमबी. तिथेही चूक तीच होती. आधी किंमत ठरवली आणि मग त्या किमतीत बसेपर्यंत आतलं एकेक कापत गेले. काय कापलंय ते घेणाऱ्याला घरी गेल्यावर कळलं.

म्हणून ताई, बारा-पंधरा हजारांचा छोटा लॅपटॉप बघताना एकच विचारायचं: यातून काय कापलंय, आणि ते माझ्या मुलीला लागणार आहे का?

आज त्या किमतीत नवीन जे मिळतं त्याचे ढोबळ दोन प्रकार आहेत. पहिला, ज्यात विंडोज नाहीच. २०२३ च्या जुलैत जिओनं जिओबुक काढला तो यातला. ११.६ इंच, ४ जीबी मेमरी, ६४ जीबी जागा, वजन ९९० ग्रॅम, ४जी इंटरनेटची सोय, तेव्हाची किंमत १६,४९९ रुपये. क्रोमबुकही याच रांगेत. ही मशीनं वाईट नाहीत. सातवी-आठवीतल्या मुलाला व्हिडिओ बघायला, निबंध टाइप करायला, किंवा आजोबांना नातवाशी बोलायला मी बेलाशक घ्या म्हणेन. पण तुमच्या मुलीचं सगळं गाडं टॅलीवर आहे, आणि टॅलीप्राइम विंडोजवरच बसतं. इथेच हा प्रकार बाद.

दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण त्यात विंडोज असतं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत विंडोज ११ लिहिलेलं, खाली बारीक अक्षरांत ४ जीबी रॅम, म्हणजे वर म्हटली ती मेमरी, आणि ६४ जीबी ईएमएमसी. ईएमएमसी म्हणजे फोनच्या मेमरीसारखी चिप, बोर्डावर डाग देऊन चिकटवलेली. पुढे वाढवता येत नाही, बदलता येत नाही. बहुतेकदा रॅमचंही तसंच. ६४ जीबीतली निम्मी-अर्धी जागा विंडोज आणि त्याचे अपडेटच खाऊन टाकतात. काही महिन्यांनी "जागा शिल्लक नाही" अशी सूचना रोज यायला लागते, मग मुलगी अभ्यासाऐवजी फाइली पुसत बसते. नेटबुकचीच ही पुढची पिढी, नुसतं अंगरखा बदलून आलेली. हा घेऊ नका. पाच-सात हजार वाचल्यासारखे वाटतील, दोन वर्षांत दुसरा घ्यावा लागेल.

मग घ्यायचं काय? मी तुमच्या जागी असते तर वापरलेला, कंपनीतून उतरलेला छोटा लॅपटॉप घेतला असता.

वापरलेला म्हटल्यावर यजमानांच्या कपाळाला आठी पडेल, पण ऐकून घ्या. मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी शेकड्यांनी लॅपटॉप घेतात आणि तीन-चार वर्षांनी ते एकगठ्ठा काढून टाकतात. हे लॅपटॉप दुकानात मांडलेल्या स्वस्त लॅपटॉपच्या जातीचे नसतात. नवे असताना ते साठ-सत्तर हजारांच्या पुढचे होते, फिरतीवरच्या लोकांसाठी बनवलेले. म्हणून त्यात लहान आणि हलकेही भरपूर मिळतात. उदाहरणच द्यायचं तर डेलचा लॅटिट्यूड ७२९०: साडेबारा इंच, वजन सव्वा किलोच्या आसपास, रॅम आणि एसएसडी (फाइली साठवायची जलद डिस्क) दोन्ही बदलता येतात. एचपीचा एलीटबुक ८३० जी ५ थोडा मोठा, सव्वातेरा इंचांचा, त्यात रॅमच्या दोन जागा. लेनोव्होचा थिंकपॅड एक्स २८० ही छान आहे, पण त्याची रॅम चिकटवलेली असते, तेव्हा घेताना ८ जीबीचाच बघून घ्यायचा. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी, याच्या खाली उतरू नका. वीस हजारांच्या आगेमागे सौदा जमायला हवा. भाव सारखे हलत असतात, दोन-चार दुकानं फिरा. आर. एन. टी. मार्गावरचा सिल्व्हर मॉल तुम्हाला माहीतच आहे, जेल रोडलाही चक्कर मारा.

दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येईल: "मॅडम, इसी दाम में आय-सेव्हन दे रहा हूँ." भुलू नका. ही इंटेलच्या प्रोसेसरची नावं. आय-फाइव्ह की आय-सेव्हन यापेक्षा त्याच्या पुढचा आकडा बघायचा. ८३५० असेल तर आठवी पिढी, ४६०० असेल तर चौथी. चौथ्या पिढीचा आय-सेव्हन आठव्या पिढीच्या आय-फाइव्हपुढे म्हातारा आहे. आणि इंटेलच्या बाबतीत विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासूनच चालतं. विंडोज १० ला सुरक्षेचे नेहमीचे अपडेट मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं. सातव्या पिढीपर्यंतचे लॅपटॉप बाजारात एकदम स्वस्त झालेत ते याच कारणानं. दुकानदार ते कारण सांगणार नाही. काही जण जुन्यावरही खटपट करून ११ टाकून देतात. ते चालतं, पण पुढचे अपडेट कधी अडतील याची खात्री कोण देणार?

मशीन पसंत पडलं की तिथेच स्टुलावर बसा आणि घाई करू नका. बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा. विंडोजमध्येच ती सोय असते, दुकानदाराला माहीत असतं. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे दिसतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर बॅटरी बदलून मागा किंवा किमतीतून कापून घ्या. नोटपॅड उघडून मुलीला एकेक कळ दाबायला लावा. स्पेस बार आणि एंटर दोन्ही कडांनी दाबून बघायचे. पडदा पूर्ण पांढरा करून डाग बघा. मशीन बंद करून पुन्हा चालू करताना डेल असेल तर एफ २, एचपी असेल तर एफ १० दाबायचं, म्हणजे मशीनची मूळ सेटिंग उघडते. तिथे पासवर्ड मागितला तर मशीन परत ठेवा. आधीच्या कंपनीचं कुलूप निघालेलं नाही, आणि ते काढायचं काम तुमचं नव्हे. सेटिंगमध्ये ॲक्टिव्हेशन बघा, विंडोज खरं आहे की नाही ते तिथे कळतं.

आता यजमानांकडे वळते, कारण त्यांचं एक म्हणणं सोळा आणे खरं आहे आणि ते कुणी ऐकून घेतलेलं दिसत नाही. छोट्या लॅपटॉपला उजवीकडचा आकड्यांचा पट्टा नसतो. ज्याचा हात वर्षानुवर्षं त्या पट्ट्यावर बसलाय त्याला वरच्या ओळीतले आकडे दाबत व्हाउचर भरायला लावणं म्हणजे शिक्षाच. आणि टॅली शिकायचं तर आकड्यांवर हात बसलाच पाहिजे. त्यावर उपाय सोपा: यूएसबीचा सुटा नंबर पॅड मिळतो, काही शेकड्यांत. तो घरीच ठेवायचा. घरच्या टीव्हीला एचडीएमआयची केबल लावली की मोठा पडदाही झाला. लॅटिट्यूड ७२९० ला एचडीएमआयची जागा आहे. दुसरा कुठला घेतलात तर ती बघून घ्या, नसेल तर जोडणी वेगळी घ्यावी लागेल. म्हणजे दिवसा सव्वा किलोचा लॅपटॉप पोरीच्या पाठीवर आणि रात्री तोच तुमच्या बैठकीत मोठा संगणक. यजमानांना टेबलही मिळालं आणि "सगळ्यांच्या कामी येईल" हेही झालं.

आणखी एक बारीक गोष्ट, जी क्लासवाले सांगत नाहीत. टॅलीत एफ ५ पेमेंट, एफ ६ रिसीट, एफ ८ सेल्स, एफ ९ परचेस. छोट्या लॅपटॉपवर याच कळांना आवाज, उजेड अशी दुसरी कामंही दिलेली असतात. मुलगी सेल्ससाठी कळ दाबेल आणि भलतंच काहीतरी होईल, मग ती म्हणेल लॅपटॉप बिघडला. डेलच्या लॅटिट्यूडवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की या कळा सरळ वागायला लागतात. पुन्हा दाबलं की परत पहिल्यासारख्या.

शिकण्यासाठी टॅलीचं लायसन घेऊ नका. क्लासवाला घ्या म्हणाला तरी नको. एज्युकेशनल मोडमध्ये ते फुकट चालतं, फक्त नोंदी १, २ आणि ३१ याच तारखांना टाकता येतात. शिकायला तेवढं रग्गड आहे. आणि ताई, तुमच्याकडे क्लासपेक्षा भारी गोष्ट घरात बसलेली आहे. आडतीच्या पेढीवर रोज हिशेब बघणारा माणूस! शेतकऱ्याचा माल, तोल, हम्माली, आडत, व्यापाऱ्याकडून येणं, हे सगळं खरं खरं व्हाउचर आहे. पेढीचे कागद घरी आणायचे नाहीत, पण नावं आणि आकडे बदलून रोज चार नोंदी बापानं सांगायच्या आणि लेकीनं भरायच्या. पाठ्यपुस्तकातल्या "राम ॲण्ड सन्स"पेक्षा हे लवकर डोक्यात शिरतं. सी. ए. फाउंडेशनची काळजी लॅपटॉपच्या बाबतीत करू नका. परीक्षा कागदावरच असते, लॅपटॉप लागेल तो लेक्चर बघायला आणि नोट्स काढायला.

तुमच्या भावाच्या लॅपटॉपबद्दल. दहा इंची आणि २०१० चा, म्हणजे नेटबुकच. बहुधा ॲटम प्रोसेसर, १ जीबी रॅम आणि ते स्टार्टर विंडोज. मुलीसाठी तो विसरा, त्यावर पैसे घालू नका. दुरुस्तीवाला दोन हजार मागेल, नवी बॅटरी वेगळी, आणि इतकं करून आजच्या वेबसाइट त्यावर उघडता उघडता चहा होऊन जाईल. माळ्यावरून काढून आधी खालची बॅटरी बघा. फुगली असेल तर चार्जर लावूच नका. बॅटरी ठीक असेल आणि घरात कुणाला हौस असेल तर हलकं लिनक्स टाकून त्यावर इंटरनेटशिवाय लिहिणं, साधा हिशेब, जुनी गाणी एवढं होतं. बँकेचं काम त्यावर चुकूनही नको. हौस नसेल तर आत भावाचे फोटो आहेत का ते बघून घ्या आणि मग देऊन टाका. आपल्या इंदूरच्या कचरागाडीत ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा आहे, ओल्या-सुक्यात टाकलंत तर गाडीवालाच ओरडेल.

आता तुमचं. लेकीच्या लॅपटॉपवर तुमच्या नावाचं वेगळं खातं उघडून घ्या, म्हणजे तिच्या फाइलींना धक्का लागणार नाही आणि ती कुरकुर करणार नाही. लिबरऑफिस हे वर्ड-एक्सेलसारखं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते टाकून घ्या. त्यातला कॅल्क उघडला की चौकटींची वही समोर येते. पहिल्या रकान्यात गिऱ्हाइकांची नावं, एकाखाली एक. वरच्या ओळीत १ ते ३१ तारखा. डबा दिला त्या चौकटीत १, नाही दिला तर ०, दोन वेळचा दिला तर २. ३१ च्या पुढच्या रकान्यात बेरीज, त्याच्या पुढे एका डब्याचा दर, त्यापुढे गुणाकार, मग जमा, मग बाकी. बेरजेचं आणि गुणाकाराचं सूत्र एका ओळीत लेकीकडून लिहून घ्या आणि खाली ओढा, पंचवीस ओळी आपोआप भरतात. महिनाअखेरीला वही घेऊन बोटं मोजत बसता ते बंद. नावं मराठीत लिहायची असतील तर विंडोजमध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आहे, इंग्रजी अक्षरांत जसं बोलतो तसं टाइप केलं की देवनागरी उमटतं.

पहिला महिना वही आणि संगणक दोन्ही चालू ठेवा. आकडे जुळले नाहीत तर बहुतेक वेळा वहीत चूक निघेल, आणि कुणाकडे तरी दोन-तीनशे राहिलेत हेही कळेल. ते वसूल करताना लाजू नका. तुमची वेळ मात्र लेकीशी ठरवून घ्या. डबे गेल्यानंतर तुम्ही मोकळ्या असाल तेव्हा लॅपटॉप तिच्याबरोबर भंवरकुआला असेल, म्हणून रविवार सकाळ किंवा रात्रीची जेवणं झाल्यावर अर्धा तास. आणि तिनं "आई, तू राहू दे, मी करते" म्हटलं की तिला खुर्चीवरून उठवायचं.

फीसाठी किती उरेल? लॅपटॉप, नंबर पॅड, केबल आणि एक बरी पाठपिशवी धरून दोन-तीन हजार उरले तर उरले. ते मी फीला लावणार नाही, बॅटरीसाठी बाजूला ठेवीन. वापरलेल्या लॅपटॉपची बॅटरी वर्ष-दोन वर्षांत दगा देतेच.

दुकानात तिघंही जा, बोलणं मुलीला करू द्या आणि भाव यजमानांना. छावणीत रोज घासाघीस ऐकणाऱ्या माणसासमोर दुकानदाराचं फार चालणार नाही. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, मुलीच्या नावावर, आणि लॅपटॉपच्या पाठीवरचा सिरियल नंबर बिलावर तोच लिहिलाय ना ते काउंटर सोडण्याआधी ताडून बघा. वॉरंटी किती महिन्यांची, तेही त्याच बिलावर हातानं का होईना लिहून, शिक्का मारून घ्या.